नवं रायडिंग गिअर घेताय? आधी आतलं लेबल वाचा

नवी बाइक आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जॅकेट कुठल्या कंपनीचं घेऊ? विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलंही असतं. शर्यतीत पाहिलेला एखादा लोगो, मित्राच्या अंगावरचं जॅकेट, नाहीतर बाइकच्याच कंपनीने काढलेलं जुळत्या रंगाचं गिअर. प्रश्नात वावगं काही नाही, फक्त त्याचा नंबर सातवा आहे. आधीचे सहा सोडवले की कंपनीचा निकाल बराचसा आपोआप लागतो, आणि पुष्कळदा तो चार गोष्टींसाठी (जॅकेट, पँट, ग्लोव्हज, बूट) तीन वेगळ्या कंपन्यांच्या बाजूने लागतो.

हेल्मेट इथे मुद्दाम बाजूला ठेवलं आहे. तो स्वतंत्र विषय आहे, आणि ते तुमच्याकडे आहे असं मी धरून चालतो. नसेल तर बाकी वाचन थांबवून आधी ते घ्या.

पायरी १: पडल्यावर काय होतं ते समजून घ्या

पडताना अंगावर दोन वेगळी संकटं येतात आणि दोघांचे उपायही वेगळे आहेत. पहिलं म्हणजे आपटणं. खांदा, कोपर, कुल्ला किंवा गुडघा जमिनीवर आदळतो. त्यासाठी कपड्याच्या आतल्या कप्प्यांमध्ये आर्मर, म्हणजे धक्का शोषणारे जाड तुकडे असतात. दुसरं म्हणजे घासत जाणं. वेगात पडलं तर शरीर रस्त्यावरून सरपटत जातं आणि डांबर कानशीसारखं कातडी सोलत नेतं. तिथे आर्मरचा फारसा उपयोग नाही. तिथे कामाला येतं ते कापड किंवा लेदर, आणि ते जोडणारी शिवण. खांद्यावरची शिवण उसवली की खालचं कापड कितीही दणकट असो, त्याची किंमत शून्य.

यात एक गोष्ट धरलेली असते आणि ती कुणी सांगत नाही: कपडा जागेवर राहायला हवा. घासताना बाही कोपराच्या वर चढली किंवा ग्लोव्ह निसटून गेला, तर लेबलवरचे सगळे आकडे फुकट. म्हणून मापाला मी पुढे बरीच जागा दिली आहे.

गिअर काय करत नाही तेही ऐका. समोरून येणाऱ्या गाडीची धडक, खांबावर आदळणं, पाय बाइकखाली पिरगळणं, यांत जॅकेट-पँटचं फारसं काही चालत नाही. आर्मर धक्का कमी करतं, पण हाड मोडणं दरवेळी टळतंच असं नाही.

आणि तरीही फरक मोठा आहे. ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ चालकांचा एक अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रायडिंग जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ सुमारे एक पंचमांशाने कमी आली, रायडिंग पँट घातलेल्यांना जवळजवळ निम्म्याने, आणि ग्लोव्हज घातलेल्यांना निम्म्याहूनही जास्तीने. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त बोलकी वाटते. अपघातात सापडलेल्या जॅकेट, पँट आणि ग्लोव्हजपैकी पंचवीस ते तीस टक्के त्या एका पडण्यातच फाटले किंवा उसवले. ही सगळी रायडिंगसाठीच म्हणून घेतलेली होती. म्हणजे ‘रायडिंग जॅकेट’ या नावाखाली दुकानात जे टांगलेलं असतं ते सगळं एका माळेचे मणी नव्हे.

पायरी २: पैसे चार ठिकाणी वाटा

बहुतेक नवखे सगळं बजेट जॅकेटवर उडवतात, कारण जॅकेट दिसतं. मग ग्लोव्हज उरलेल्या चिल्लरमध्ये, पायात नेहमीचे स्पोर्ट शूज आणि खाली रोजची जीन्स. साधी सुती जीन्स डांबरावर जेमतेम सेकंदभर तग धरते.

माझा क्रम उलटा आहे. हात आणि पाय आधी. तोल गेला की हात आपसूक पुढे येतो, त्याला शिकवावं लागत नाही. तळहाताच्या टाचेवर भार पडला की मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडायची भीती असते. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायला फार वेळ घेतं. चांगल्या ग्लोव्हजच्या तळहातावर जो गुळगुळीत कडक तुकडा असतो तो शोभेचा नाही. त्याच्यामुळे हात डांबरात रुतून न बसता पुढे घसरतो.

पायांचं तसंच. घोट्याच्या वर जाणारा, टाचेला आणि चवड्याला कडक असलेला बूट हवा. रायडिंग बूट आत्ताच परवडत नसतील तर निदान घोटा झाकणारे जाड चामड्याचे बूट घाला. वरच्याच अभ्यासात असे साधे बूटसुद्धा कॅनव्हासच्या किंवा स्पोर्ट शूजपेक्षा पुष्कळ बरे ठरले होते.

राहिलेलं बजेट जॅकेट आणि पँटमध्ये साधारण निम्मंनिम्मं. सगळं एकदम घ्यायलाच हवं असं नाही, पण मधल्या काळात उघडं राहणारं अंग कुठलं, हे तुम्ही जाणूनबुजून ठरवलेलं असू दे.

पायरी ३: लेबल वाचायला शिका

लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच. जॅकेट हातात आलं की घालून पाहायच्या आधी आत बाहेर करा. धुण्याच्या सूचना असतात त्याच्या आसपास, बाजूच्या शिवणीत, एक कापडी पट्टी सापडेल. तिच्यावर बाइकस्वाराचं छोटं चित्र, ‘सीई’ ही युरोपीय नियमांनुसार असल्याची खूण, मानकाचा क्रमांक आणि वर्ग असतो. जॅकेट, पँट आणि एकसंध सूटसाठी तो क्रमांक ईएन १७०९२ असा हवा.

हे युरोपीय मानक २०२०मध्ये आलं. तुम्ही कुठेही राहात असलात तरी मोजपट्टी म्हणून ते उपयोगी आहे, कारण अनेक देशांत विकल्या जाणाऱ्या गिअरवर हेच लेबल दिसतं. त्यात पाच वर्ग आहेत: एएए, एए, ए, बी आणि सी. पहिले तीन म्हणजे उतरत्या क्रमाने घासण्याला टिकणारे, आर्मरसह असलेले कपडे. बी म्हणजे टिकाऊपणा ए एवढाच, पण आर्मर नाही. सी म्हणजे नुसतं आर्मर जागेवर धरणारा जाळीचा कपडा. तो इतर गिअरच्या आत किंवा वर घालायचा असतो, त्याच्या कापडाकडून घासण्यात काही अपेक्षा नसते. ऑनलाइन फोटोत हा सी वर्गाचा जाळीदार ‘आर्मर शर्ट’ मोठा रुबाबदार दिसतो आणि नवखे तोच जॅकेट म्हणून घेतात. तसं करू नका.

हे वर्ग ठरतात कसे? कापडाचे तुकडे एका फिरत्या डोक्याला बांधतात, डोकं ठरावीक वेगाला नेतात आणि काँक्रीटच्या फरशीवर सोडतात. ते फिरत फिरत थांबेपर्यंत कापडाला भोक पडलं का ते बघायचं. कपड्याचे भागही सारखे धरलेले नाहीत. खांदे, कोपरं, कुल्ले, गुडघे ही सगळ्यात जोखमीची जागा, म्हणून पहिला विभाग. काख किंवा मांडीची आतली बाजू तिसऱ्या विभागात. पहिल्या विभागासाठी एएएची चाचणी सुमारे १२० किमी वेगाला होते, एएची ७०, एची ४५. दुसऱ्या विभागात हेच आकडे ७५, ४५ आणि २५ होतात. तिसऱ्यात एएएला ४५, एएला २५, आणि एला चाचणीच नाही. म्हणजे एए जॅकेटवर ७०चा आकडा आहे तो संपूर्ण जॅकेटचा नव्हे, त्याच्या सगळ्यात मजबूत भागाचा. अर्थात हा प्रयोगशाळेतला वेग आहे. त्या वेगाला पडलात तर काही होणार नाही, अशी ती हमी नाही.

शहरातल्या रोजच्या फिरण्याला ए चालतं असं बरेच जण म्हणतात. माझं मत थोडं कडक आहे: पहिलंच आणि एकच जॅकेट घेणार असाल तर एएच्या खाली जाऊ नका. एए आता बऱ्यापैकी हलक्या कपड्यांतही मिळतं, आणि शहरातला माणूस हायवेवर जातच नाही असं कधी होतं?

पँटबाबत आणखी एक फरक. एए आणि एएए पँटला गुडघ्याबरोबर कुल्ल्याचं आर्मरही सक्तीचं आहे, ए वर्गात कुल्ल्याची सक्ती नाही. पाठीचं आर्मर मात्र कुठल्याच वर्गात सक्तीचं नाही. म्हणून महागड्या एएए जॅकेटच्याही पाठीच्या कप्प्यात पुष्कळदा फोमची नुसती चादर निघते. हात घालून पाहा. मऊ, पातळ, काहीच न छापलेला तुकडा हाती लागला तर पाठीचं खरं प्रोटेक्टर वेगळं घ्यायचं आहे, हे बजेटमध्ये लिहून ठेवा.

आता इथली नेहमीची हातचलाखी. जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं: ‘सीई आर्मरसह’. वाक्य खरं असतं. आर्मर प्रमाणित असतं, जॅकेट नसतं. ती खूण आर्मरच्या तुकड्यावर सापडते, जॅकेटच्या शिवणीतल्या पट्टीवर सापडत नाही. विक्रेता म्हणेल, ‘अहो, सगळं एकच आहे.’ एकच नाही. युरोपीय संघाने २१ एप्रिल २०१८पासून नवीन नियम लागू केला आणि रायडिंगचे संरक्षक कपडे स्वतः प्रमाणित असणं सक्तीचं केलं. त्याआधी बरंचसं गिअर कागदोपत्री ‘फॅशनचा कपडा’ म्हणूनच विकलं जात होतं. जिथे हा नियम लागू नाही तिथे ते तसं आजही विकलं जाऊ शकतं.

आर्मर बाहेर काढा, त्याच्यावरही अक्षरं आहेत. हातापायांच्या तुकड्यांचं मानक ईएन १६२१-१, पाठीचं १६२१-२, छातीचं १६२१-३. चाचणीत पाच किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून तुकड्यावर टाकतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. खांदा-कोपर-गुडघ्यासाठी लेव्हल १ म्हणजे सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत, लेव्हल २ म्हणजे २०च्या आत. पाठीसाठी लेव्हल १ला १८ आणि लेव्हल २ला ९. आकडा जितका कमी तितकं बरं. गंमत अशी की पाठीचं साधं लेव्हल १ हे गुडघ्याच्या लेव्हल २पेक्षाही कडक आहे, त्यामुळे दोन वेगळ्या जागांच्या लेव्हलची तुलना करू नका. एस, ई, के, एच ही अक्षरं अनुक्रमे खांदा, कोपर, गुडघा आणि कुल्ला सांगतात. टाइप ए म्हणजे लहान तुकडा, टाइप बी म्हणजे जास्त जागा झाकणारा. मिळालं तर बी घ्या. टी अधिक आणि टी उणे या खुणा असतील तर तो तुकडा ४० अंश उष्णतेत आणि उणे १० अंश थंडीतही तपासलेला आहे. मऊ आर्मर थंडीत कडक होतं आणि उन्हात जास्तच मऊ पडतं, म्हणून या खुणांना अर्थ आहे.

ग्लोव्हज: ईएन १३५९४, लेव्हल १ किंवा २. केपी अक्षरं म्हणजे बोटांच्या सांध्यांवरचं संरक्षण तपासलेलं. लेव्हल २ला ते असतंच.

बूट: ईएन १३६३४. लेबलवर चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. क्रमाने बुटाची उंची, घासण्याला टिकणं, कापलं जाण्याला टिकणं, आणि आडवा दाब. मी शेवटचा आकडा आधी वाचतो. बाइक पायावर आडवी पडते तेव्हा बूट चेपला जातो की नाही, ते तो सांगतो.

पायरी ४: लेदर, टेक्स्टाइल, जीन्स

लेबल वाचता येऊ लागलं की हा वाद निम्मा मिटतो. एए म्हणजे एए, मग ते गाईच्या चामड्याचं असो की नायलॉनचं.

लेदर आजही घासण्याला सगळ्यात खात्रीचं आहे. चांगल्या जॅकेटमध्ये त्याची जाडी साधारण १.१ ते १.३ मिलिमीटर असते. फॅशनचं लेदर जॅकेट बोटांत धरून पाहिलं की फरक लगेच कळतो. जड असतं, गरम होतं, पावसाचं वावडं असतं. टेक्स्टाइल हलकं, खिसे भरपूर, पावसाळी अस्तराची सोय. ‘६००डी’ वगैरे आकडे धाग्याची जाडी सांगतात, कपड्याची ताकद नाही. कॉर्डुरा हे तर धाग्याचं ब्रँडनेम आहे. ते पट्टीवर दिसलं म्हणून सगळं जॅकेट कॉर्डुराचं आहे असं होत नाही, खांद्यावर चार तुकडे असले तरी पट्टी लागते. नायलॉन आणि पॉलिएस्टर घासताना तापून वितळतात. म्हणून आत अंगाला चिकटणारा सिंथेटिक टी-शर्ट घालण्यापेक्षा अस्तर असलेलं जॅकेट बरं.

रायडिंग जीन्समध्ये दोन प्रकार. एकात साध्या डेनिमच्या आत केव्हलरसारख्या ॲरामिड कापडाचं अस्तर, कधी पूर्ण, कधी फक्त गुडघ्यांवर आणि बुडाखाली. दुसऱ्यात डायनीमासारखा मजबूत धागा डेनिममध्येच विणलेला, एकेरी थर. पहिली गरम होते, दुसरी महाग पडते. फक्त ठिकठिकाणी ॲरामिड लावलेली, वर्ग न छापलेली जीन्स मात्र सरळ परत ठेवा.

शिवणीकडे एकदा बोट फिरवा. खांद्याच्या आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला एकच उघडी टाक्यांची ओळ असेल तर रस्ता सगळ्यात आधी तीच खाणार. तिच्या आत लपलेली दुसरी, तिसरी ओळ हवी.

पायरी ५: माप बसून घ्या, उभं राहून नको

आरशासमोर उभं राहून छान बसणारं जॅकेट बाइकवर नेमकं चुकीचं ठरतं. शक्य असेल तर तुमच्याच बाइकवर बसा. नाहीतर खुर्चीवर बसून हात हँडलच्या रुंदीला पुढे करा.

आता जॅकेटची चेन पूर्ण लावा. मनगटाचा पट्टा आवळा. दुसऱ्या हाताने कोपरावरचं आर्मर चिमटीत धरा आणि हाताभोवती फिरवायचा प्रयत्न करा. कोपराच्या टोकावरून ते आतल्या बाजूला सरकलं तर जॅकेट मोठं आहे. मग बाहीचं टोक पकडून कोपराकडे जोरात ओढा. मनगट थोडं उघडं पडेल, अर्धा हात उघडा पडता कामा नये. खांद्याचं आर्मर खांद्याच्या गोलाईवर टोपीसारखं बसलं पाहिजे, दंडावर उतरलेलं नको. हे सगळं पावसाळी अस्तर आणि थंडीचं अस्तर काढून करा. अस्तरासकट बरोबर बसणारं जॅकेट उन्हाळ्यात अस्तर काढलं की ढगळ होतं, आणि ढगळ जॅकेटमध्ये आर्मर भरकटतं.

पँट उभ्याने थोडी लांब वाटली पाहिजे. बसल्यावर ती वर चढते आणि गुडघ्याचं आर्मर मांडीकडे सरकतं. चांगल्या पँटमध्ये आर्मरचा कप्पा वर-खाली करायची सोय असते. बसून गुडघा वाकवा आणि तुकडा गुडघ्याच्या वाटीवर आणि तिच्या जरा खाली येतो का ते पाहा.

ग्लोव्ह घालून पट्टा आवळा आणि बोटांची टोकं धरून खेचा. निघून आला तर तो पडतानाही निघून जाणार. मुठीत पकडल्यावर बोटांच्या टोकांशी रिकामं कापड लोंबत नसावं, आणि क्लच-ब्रेकच्या दांड्या विनासायास दाबता याव्यात. अंगठ्याच्या बेचक्यातली शिवण टोचते का तेही इथेच पाहा, तासाभराने तीच जीव खाते. बूट घालून दहा मिनिटं दुकानात चाला, मग बसून घोटा गिअर टाकल्यासारखा वर-खाली करा.

कंपनीच्या तक्त्यावर भरवसा ठेवू नका. एका कंपनीचं ५२ दुसरीच्या ५४एवढं असतं. इटालियन कंपन्यांचे कपडे खांद्या-कमरेत तुलनेने अंगाबरोबर शिवलेले असतात, उत्तर युरोपातले सहसा सैलसर. महिलांसाठीचं गिअर घेताना तर घालून पाहणं अटळच आहे. पुरुषांचंच जॅकेट लहान करून त्यावर रंग चढवलेले प्रकार अजून बाजारात आहेत.

पायरी ६: हवामान

जे गिअर घालवत नाही ते खुंटीला टांगून राहतं, म्हणून हा मुद्दा सुखसोयीचा समजू नका. उकाड्यात जाळीचं जॅकेट बरं, पण त्याचा वर्ग तपासून, कारण मोठ्या भोकांच्या जाळ्यांत पुष्कळशा एच्या पुढे जात नाहीत. हवा शरीरापेक्षाही गरम असेल तेव्हा जाळीतून येणारा वारा गार करत नाही, भाजतो. तेव्हा झडपा मर्यादित उघडणारं जॅकेट आणि आत ओला केलेला सुती टी-शर्ट जास्त चालतो.

पावसासाठी दोन रचना. एकात गोअर-टेक्ससारखा पाणी अडवणारा पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो, कापड पाणी पीत नाही, किंमत जास्त. दुसऱ्यात तो आत सुटा लोंबतो. अंग कोरडं राहतं, पण बाहेरचं कापड भिजून जॅकेट जड आणि गार होतं. तिसरा मार्ग म्हणजे कुठल्याही जॅकेटवर चढवायचा साधा रेनसूट. मला स्वतःला हाच मार्ग पटतो, फक्त त्याचा रंग भडक असू दे.

पायरी ७: आता कंपनी

इथवर आलात तर हातात तीन-चार जॅकेटं उरली असतील, सगळी एए, सगळी अंगात बसणारी. आता नावाकडे बघायला हरकत नाही. नावाशी इमान राखण्याची काही कारणं पक्की आहेत, काही अगदीच भुसभुशीत.

पक्कं कारण पहिलं, माप. एखाद्या कंपनीचं माप तुमच्या अंगाला बसलं की पुढचं जॅकेटही बसण्याची शक्यता दांडगी असते. बुटांच्या बाबतीत हे जास्तच खरं. दुसरं कारण चेन. जॅकेट आणि पँट मागच्या बाजूला चेनने जोडता येतात, त्यामुळे घासताना जॅकेट वर सरकत नाही. ही चेन सहसा त्याच कंपनीच्या पँटला लागते, दुसऱ्या कंपनीची चेन रुंदीत किंवा दातांत जुळत नाही. शिंप्याकडून दुसरी बसवून घेता येते, पण ते काम कितीजण खरंच करून घेतात? तिसरं, पडल्यानंतरची दुरुस्ती. काही कंपन्या लेदरचा फाटलेला तुकडा बदलून देतात, काही हात वर करतात. खरेदीआधी विचारून ठेवा.

चौथं कारण एअरबॅग, म्हणजे अंगावर घालायची आणि पडताना फुगणारी हवेची पिशवी. मोटोजीपी या बाइकच्या शर्यतींत २०१८पासून ती सगळ्या स्वारांना सक्तीची आहे आणि आता रस्त्यावरच्या गिअरमध्येही रुळते आहे. दोरीने बाइकला जोडलेली यांत्रिक एअरबॅग कुठल्याही जॅकेटवर घालता येते. इलेक्ट्रॉनिक एअरबॅगचं बहुतेकदा तसं नसतं: तिच्यासाठी आत जागा सोडलेलं जॅकेट, तिची सर्व्हिस, तिचं ॲप, काही ठिकाणी वार्षिक वर्गणीसुद्धा. एकदा त्यात शिरलात की कंपनी बदलणं खर्चिक होतं. तिथे निष्ठा तुम्ही ठेवत नाही, ती तुमच्याकडून वसूल केली जाते. म्हणून एअरबॅग घेताना एक दिवस जास्त विचार करा.

आता भुसभुशीत कारणं. शर्यतीतला लोगो हे पहिलं. जगज्जेत्याच्या अंगावरचा सूट आणि दुकानातलं त्याच लोगोचं सुरुवातीच्या किमतीचं जाळीचं जॅकेट यांत नाव सोडून फारसं काही समान नसतं. बड्या कंपन्यांच्या एकाच यादीत एएएही असतं आणि एही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला मोटोकॅप हा उपक्रम २०१८पासून बाजारातले कपडे विकत घेऊन प्रयोगशाळेत घासतो, उसवतो, आपटतो आणि संरक्षण व सुखसोय यांना वेगवेगळे तारे देतो. त्याची यादी कंपनीनुसार लावून पाहा. एकाच नावाखाली चांगले तारेही सापडतात आणि लाजिरवाणेही.

दुसरं, ‘जुनी कंपनी आहे’. कंपन्या विकल्या जातात. १९७२मध्ये लीनो डायनेसे यांनी सुरू केलेली डायनेसे ही गिअरची कंपनी २०१४मध्ये इन्व्हेस्टकॉर्प या गुंतवणूक कंपनीकडे गेली, २०२२मध्ये कार्लाइल या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीकडे. क्लिम ही दुसरी गिअर कंपनी २०१२मध्ये स्नोमोबाइल (बर्फावर चालणाऱ्या गाड्या) बनवणाऱ्या पोलारिसने घेतली. यातून माल बिघडला असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांपूर्वी मित्राने घेतलेल्या जॅकेटच्या पुण्याईवर आजचं जॅकेट घेऊ नका. मॉडेलचं नाव तेच ठेवून पुढची आवृत्ती निघते तेव्हा कापड आणि वर्ग बदललेला असू शकतो, म्हणून दरवेळी पट्टी नव्याने वाचा. शिवाय आर्मर कित्येकदा कंपनीचं स्वतःचं नसतंच. डी३ओ, सास-टेक यांच्यासारखे पुरवठादार बऱ्याच ब्रँडना आर्मर देतात, त्यामुळे स्पर्धक म्हणवणाऱ्या दोन जॅकेटांच्या कोपरात एकाच घरचा तुकडा निघू शकतो.

बाइक कंपनीच्या नावाचं गिअर हे तिसरं. ते बहुधा दुसऱ्याच कुणीतरी शिवलेलं असतं. वर्ग चांगला असेल तर जरूर घ्या. रंग जुळतो म्हणून घेऊ नका.

प्रत्येक कंपनीचं एखादं माहेर असतं, ते मात्र बघा. अल्पाइनस्टार्स १९६३मध्ये बुटांपासून सुरू झाली, डायनेसे लेदरच्या पँटपासून, क्लिम स्नोमोबाइलच्या कपड्यांपासून. माहेरच्या मालात हात मुरलेला असण्याची शक्यता जास्त, हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. म्हणून बूट एकाचे, जॅकेट दुसऱ्याचं आणि ग्लोव्हज तिसऱ्याचे, यात कमीपणा काही नाही. जॅकेट-पँटची जोडी मात्र चेनसाठी एकाच घरातून घ्यावी, एवढीच निष्ठा मी मानतो.

नकली मालाचं एक: प्रसिद्ध नावांचीच नक्कल होते. लोगो हुबेहूब असतो, पण आतली पट्टी नसते किंवा तिच्यावर मानकाचा क्रमांक नसतो. शंका आली तर अनुरूपतेचं घोषणापत्र, म्हणजे माल मानकाप्रमाणे असल्याचा कंपनीचा कागद मागा. खरी कंपनी ते वेबसाइटवर ठेवते किंवा लेबलवर पत्ता देते.

पायरी ८: घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी सगळं आर्मर काढून कप्प्यांत नीट बसवा. दुकानात ते उलटं कोंबलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. धुताना आर्मर बाहेर, कोमट पाणी, सौम्य साबण, फॅब्रिक सॉफ्टनर नाही. ॲरामिड असलेल्या कपड्याला ब्लीच लावू नका आणि तो कडक उन्हात दिवसचे दिवस वाळत ठेवू नका, दोन्हींनी धागा कमजोर होतो. लेदर ओलं झालं तर सावलीत, हीटरपासून लांब, सुकल्यावर कंडिशनर.

वापरलेलं गिअर घेत असाल तर खांदे आणि कोपरांच्या शिवणी आतून उजेडात धरून पाहा. ताणलेल्या टाक्यांमधून उजेड दिसतो. जुनं आर्मर वाकवा. भेगा पडल्या किंवा ते चुरचुरलं तर टाकून द्या आणि त्याच आकाराचं नवं लेव्हल २ घ्या. ते सुटं मिळतं आणि कुठल्याही ब्रँडचं चालतं, फक्त कप्प्यात सरकता कामा नये.

पडलात, उठलात, सगळं ठीक आहे, जॅकेटवर नुसते ओरखडे दिसताहेत. तरी ज्या बाजूला पडलात तिकडचं आर्मर बदला आणि तिकडची प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहा. टाके तुटलेले असतील तर घरच्या मशीनवर शिवू नका. लेदर आणि जाड टेक्स्टाइलला बाँडेड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा लागतो, आणि तो चालवणारी मशीन रायडिंग गिअर किंवा चामड्याची दुरुस्ती करणाऱ्यांकडे असते.